टिपरपासून व्हीलचेअरपर्यंत : आमची वाटचाल

आमचे वर्कशॉप गोव्यात, डिचोलीत. वडिलांनी ते खाणींच्या भरभराटीत उभे केले. टिपरच्या, म्हणजे खाणीच्या ट्रकच्या, बॉडीला पत्रा मारणे, स्प्रिंगचे पाटे बदलणे, तडकलेल्या चॅसीला जोड देणे, हीच रोजची कामे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे थोडी हालचाल झाली, पण फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि ट्रक परत बिनकामाचे दारात उभे राहिले. आमच्या पट्ट्यात कोणी शटर ओढले, कोणी गेट-ग्रिल धरले. आम्ही गेट-ग्रिल धरले. दिव्यांगांसाठी काही करावे वगैरे विचार तेव्हा डोक्यात नव्हता, वेल्डिंग मशीनचे हप्ते होते.

माडावरून पडून कमरेखालचे बळ गेलेल्या एका पाडेल्याच्या (नारळ पाडणाऱ्याच्या) भावाने नवीकोरी व्हीलचेअर टेम्पोतून आणली. म्हणाला, "शेट, ही न्हाणीच्या दारातून जात नाही. दोन्ही बाजूंनी जरा कापून द्या." खुर्ची 26 इंच रुंद, चिऱ्याच्या जुन्या घरातले दार 24 इंच. कापून काही होणार नव्हते. आम्ही त्याच्या कमरेचे माप घेतले, सीट तेवढीच अरुंद धरून नवी कैची (सीटखालचा घडीचा सांगाडा) बनवली आणि चाके फ्रेमच्या जवळ घेतली. खुर्ची आत गेली. तेव्हापासून आम्ही माणसाच्या आधी घर मोजतो. गिऱ्हाइकाला हे विचित्र वाटते, पण दार, उंबरठा आणि जोते कळल्याशिवाय आम्ही पाईपला हात लावत नाही.

जोत्याचे गणित तर फारच छळते. खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याला चढ 1:12 पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फुटापेक्षा, जास्त नको. दीड फूट जोत्याला अठरा फूट रॅम्प. तेवढे अंगण गोव्यात अनेकांकडे असते, पण मध्ये तुळस असते, आणि तुळस हलवा असे सांगायची माझी तरी छाती नाही. मग मध्ये सपाट टप्पा ठेवून रॅम्प काटकोनात वळवायचा. टप्पा पाच फुटांचा हवा, नाहीतर खुर्ची वळत नाही. घाईत रॅम्पऐवजी चार फुटी फळी टाकून देणारे पुष्कळ आहेत. तिच्यावरून खुर्ची मागे उलटते.

ट्रकवाल्यांना भार कुठे येतो ते कळते, ते ज्ञान इथे कामी आले. मागचा ॲक्सल पुढे घेतला की पुढच्या छोट्या चाकांवरचा भार कमी होतो, खुर्ची हलकी चालते आणि मातीत रुतत नाही. पण मधुमेहाने ज्याचे दोन्ही पाय काढले आहेत त्याच्या खुर्चीत ॲक्सल उलट मागे न्यावा लागतो. पायांचे वजन गेल्यामुळे माणसाचा सगळा भार मागे सरकतो आणि पहिल्याच चढाला खुर्ची पाठीवर पडते. दुकानात ठेवलेल्या तयार खुर्चीत ॲक्सलला एकच भोक असते. आम्ही पट्टीला चार पाडतो.

बाकी शत्रू म्हणजे आमचा पाऊस आणि खारे वारे. क्रोमचा पाईप वरून चकचकीत दिसतो, आतून कुजतो. फूटरेस्टच्या नळीत पाणी साचते, म्हणून तळाला एक बारीक भोक ठेवतो. किनाऱ्याकडच्या गिऱ्हाइकांना सीलबंद बेअरिंगशिवाय खुर्ची देत नाही. गादीला दोन खोळी देतो, कारण जुलैत एक वाळेपर्यंत दुसरी लागते. ज्याला कमरेखाली कळत नाही, त्याला ओल्या गादीवर बसवले तर आठवड्यात जखम होऊ शकते.

कृत्रिम पाय आम्ही करत नाही. लोक विचारतात, कारण सॉकेटवरचा (उरलेला पाय ज्यात बसतो त्या कपावरचा) पट्टा, बक्कल, कॅलिपरचा (कमजोर पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचा) सांधा आम्ही दुरुस्त करतो. पण सॉकेटचे माप घेणे हे शिकलेल्या, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या माणसाचे काम. 1992 च्या कायद्याने तसे बंधनही आहे. लेथवरचा आमचा कारागीर स्वतः कॅलिपर वापरतो. आम्ही साईड व्हील लावलेली स्कूटर आधी तो चालवून बघतो, आणि त्याने नाक मुरडले की ती परत रॅकवर चढते.

पैशाचे म्हणाल, तर एका सरकारी कार्यालयाचे बिल दीड वर्ष अडकले होते. तेव्हा ग्रिलनेच घर चालवले. जानेवारी 2023 मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला, त्यानंतर चौकशा वाढल्या. हॉटेलवाले रॅम्पचे विचारू लागले. पण खरी गर्दी चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी. सगळे मूळ घरी जमतात, आणि आजीला माटोळीपुढे (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या सजावटीपुढे) बसवायचे तर खुर्ची आणि रॅम्प दोन्ही त्याआधीच हवे.

म्हणून ऑर्डर श्रावणाच्या आधी द्या. येताना दाराचा, पायऱ्यांचा फोटो आणि दाराचे आतून आतले माप आणा. जुनी खुर्ची फेकू नका, कुठल्याही कंपनीची असो. बहुतेक वेळा बेअरिंग, ब्रेकचे रबर आणि कैचीचा बोल्ट एवढेच गेलेले असते.