दुनळीला जवसाचं तेल

बंदूक दुरुस्तीला आली की आधी परवाना बघायचा, मग नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघायचं, रजिस्टरला नोंद करायची आणि मग वास घ्यायचा. कोणी काय चोपडलंय ते आधी नाकाला कळतं. त्या दिवशी आमच्या नागपूरच्या दुकानात काटोलकडच्या एका काकाजींची बारा बोअर दुनळी उघडली, तर रंगाच्या दुकानासारखा वास.

"उजवा घोडा पडूनच नाही राह्यला, भाऊ," काकाजी म्हणाले. घोडा म्हणजे काडतूस उडवणारा हातोडा. परवाना पीकसंरक्षणाचा, आणि रानडुकरं काही थांबत नाहीत.

सोबतच्या भाच्यानं ऑनलाइन मागवलेली बाटली पुढे केली. अमोनियावालं कॉपर सॉल्व्हंट. वस्तू चांगली, पण रायफलची. तांब्याचं वेष्टण असलेली गोळी नळीत तांबं सोडत जाते. ते यानं विरघळतं, चिंधी निळी-हिरवी होते. दुनळीत शिशाचे छर्रे आणि त्यांच्यामागे प्लास्टिकचा वॅड, म्हणजे बूच. तांबं आणायचं कुठून?

बाजूची प्लेट काढली. घोड्याच्या खिळीभोवती मधाच्या रंगाचा थर, नखानं निघेना. जवस!

"घरच्या घाणीचं हाय, एकदम शुद्ध."

शुद्धच होतं, म्हणून तर पंचाईत. जवस हे वाळणारं तेल. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं वार्निश होतं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की आणखी लवकर. लाकडी दस्त्याला हे वरदान, घोडा पाडणाऱ्या कळीला फास. एकदा असं घट्ट झालं की रॉकेलनं फारसं हलत नाही. ॲसिटोन लागतं, आणि ते दस्त्याचं पॉलिशही खातं, म्हणून आधी लाकूड वेगळं काढलं. मग चिंधी, बांबूची काडी आणि धीर. लोखंडाचं टोक मी वापरत नाही, ओरखड्यातच गंज बसतो. संध्याकाळी घोडा खट्‌कन पडला तेव्हा काकाजी माझ्याआधी हसले.

खिळीला हलक्या खनिज तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं तर ते ओघळून दस्त्याच्या तोंडाशी मुरतं आणि तिथलं लाकूड भुसभुशीत होतं. म्हणून तेलपाणी झालं की बंदूक काही वेळ नळीचं तोंड जमिनीकडे करून ठेवायची.

"मंग खोबरेल चालते का?"

"हिवाळ्यात बाटलीत गोठते ना काकाजी? कळीतही तेच होईल. बंदुकीचं तेल नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं आणा."

उरलेलं जवस मात्र फेकू दिलं नाही. दोन-चार थेंब तळहातावर घेऊन दस्त्यावर घासले, जास्तीचं चिंधीनं पुसलं. तेवढ्यात भाच्यानं ती चिंधी चुरगाळून पिशवीत कोंबली. जवसात भिजलेला बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, हे त्याला खरंच वाटेना. काढायला लावली आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली.