मळक्या पाण्याला वाट

सहा वर्षं मी नाशकातल्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होते. कॉरिडॉर, बँक्वेट हॉल, सगळीकडे कार्पेट. ते धुवायला बाहेरून माणसं यायची, शाम्पू घासून निघून जायची आणि पुढचे दोन दिवस हॉलला कुबट वास यायचा. कार्पेटमध्ये पाणी घालणं सोपं, ते परत काढणं अवघड, हे मी तिथं पाहिलं. 2013 साली नोकरी सोडली, साठवलेल्या पैशातून कार्पेट धुवायचं एक सेकंडहँड पोर्टेबल मशीन घेतलं आणि कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर भागात सोफा-कार्पेट धुवायची कामं सुरू केली. माझे मिस्टर सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्स फिटर. सुट्टीच्या दिवशी तेही सोबत यायचे.

या मशीनला दोन टाक्या असतात. एकीतलं स्वच्छ पाणी पंप दाबानं कार्पेटवर मारतो आणि लगेच त्याच वँडच्या, म्हणजे हातात धरून कार्पेटवर फिरवायच्या नळीच्या, तोंडातून व्हॅक्यूम मोटर ते मळासकट ओढून दुसऱ्या टाकीत आणते. पाणी खाली साठतं, हवा वरून मोटरीतून बाहेर पडते. टाकी भरत आली की फ्लोटचा बॉल उचलला जातो आणि हवेचं तोंड बंद करतो, म्हणजे मोटरीत पाणी शिरत नाही. कागदावर एवढंच आहे, आणि पहिले काही महिने माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता.

इंदिरानगरला एका घरी लॅब्रेडॉर होता. घाईघाईत कार्पेट आधी कोरडं व्हॅक्यूम करायचं मी टाळलं. तासाभरात ओल्या केसांची मुठीएवढी गुठळी फ्लोटच्या पिंजऱ्यात जाऊन बसली. बॉल हललाच नाही, आणि पाणी सरळ मोटरीत. आवाज आधी जड झाला, मग जळक्या वार्निशचा वास आला. उरलेलं कार्पेट मी गुडघ्यावर बसून ब्रश आणि टॉवेलनं पुरं केलं. त्या वहिनींनी एक शब्द बोलून दाखवला नाही, वर चहा दिला. त्यांचं ऋण मी आजही मानते. मोटर बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे धंदा बंद होता.

त्यानंतर आम्ही आधी गाळण बसवायचं ठरवलं. पाइपच्या तोंडाशी चहाची गाळणी बसवून पाहिली. दहा मिनिटांत ती लोकरीच्या तंतूंनी भरली, ओढ मेली आणि कार्पेट चिंब राहिलं. जाळी बारीक केली तर हवा अडते, जाड केली तर केस निसटतात. यातून वाट मिस्टरांनी काढली. ते म्हणाले, भोकं बारीकच राहू देत, जाळीचं अंग वाढवू. आमचा सक्शन पाइप दीड इंची, म्हणजे त्याचं तोंड जेमतेम 11 चौरस सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा उंच अशी स्टीलच्या भोकांच्या पत्र्याची उभी टोपली केली, तर तिच्या नुसत्या अंगाचंच क्षेत्रफळ 470 चौरस सेंटिमीटर भरतं. त्यातली भोकं तिसरा हिस्सा धरली तरी हवेला पाइपच्या चौदा पट वाट मिळते. निम्मी टोपली भरली तरी वँडवर फरक जाणवत नाही. ही टोपली आम्ही टाकीच्या बाहेर, वेगळ्या डब्यात ठेवली आणि डब्याला ॲक्रिलिकचं झाकण केलं. आत काय जमतंय ते दिसतं, काम थांबवून अर्ध्या मिनिटात रिकामी करता येते. फक्त झाकणाचं गास्केट चोख हवं. फटीतून हवा शिरली तर वँडवरची ओढ घटते.

फेसाचं मात्र गाळणीनं भागत नाही. बॉल पाण्यावर तरंगतो, फेस त्याच्या बाजूनं वर सरकतो आणि मोटर गाठतो. आधी कुणी जास्त शाम्पू वापरलेला असला तर तोच फेस आपल्या टाकीत येतो. त्याला टाकीत फेस मारणारं डीफोमर घालणं आणि स्वतः कमी केमिकल वापरणं एवढाच इलाज.

आता मळक्या पाण्याचं. टाकी 40 लिटरची, म्हणजे भरली की 40 किलो. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती बादल्या भरभरून बाथरूमला नेताना आमच्याकडे कामाला असलेल्या पोरांच्या कमरा मोडायच्या. एकदा गंगापूर रोडच्या बंगल्यात त्यातल्याच एका पोरानं कंटाळून ती मागच्या उघड्या पावसाळी गटारीत ओतली. घरचे आजोबा मला हाताला धरून मागे घेऊन गेले. काळपट फेस गटारीतून सरकत होता. "ताई, ही गटार नाल्याला मिळते आणि नाला गंगेला. तुम्ही रामकुंडावर जाता ना?" नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. मला काही बोलता येईना. रामकुंडावर माझ्या वडिलांच्या अस्थी मीच सोडल्या होत्या. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: मळकं पाणी जाईल ते घराच्या बाथरूममधून ड्रेनेजलाच. पावसाळी गटारीत, बागेत, रस्त्यावर एक तांब्याही नाही.

मग टाकीतच पंप बसवून पाणी थेट बाथरूमला का नेऊ नये, असं मनात आलं. कूलरचा पंप आणला, टाकीत सोडला. व्हॅक्यूम बंद असताना मस्त चालला. व्हॅक्यूम सुरू केला की एक थेंब बाहेर नाही, उलट बाहेरच्या पाइपमधून हवा आत येऊन पाण्यात बुडबुडे. एका रविवारी मिस्टरांनी मशीन घरच्या गॅलरीत ठेवलं, सक्शनला पारदर्शक नळी जोडली आणि खाली अंगणातल्या बादलीत सोडली. मी खाली उभी. मोटर सुरू झाली आणि पाणी नळीतून चढत चढत जवळजवळ गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेलं, तीन मीटरला थोडं कमी. तेव्हा उमगलं. टाकीतली ओढ पाणी तीन मीटर उचलते, आणि कूलरच्या पंपाची ताकद दोन मीटरही नाही. तो बिचारा आतल्या आत हरत होता. तिथं दाबानं ढकलणारा डायफ्राम पंप हवा आणि बाहेरच्या पाइपला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेनं उघडणारी झडप हवी, म्हणजे हवा उलटी येणार नाही.

पंप आम्ही 12 व्होल्टचा घेतला. पाण्यात हात घालणाऱ्या पोरांजवळ 230 व्होल्ट ठेवायला मिस्टर तयारच नव्हते. मेन लाइनलाही ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, त्यांनीच लावला. आमच्या वँडमधून मिनिटाला साधारण चार लिटर पाणी पडतं, पंप आठ काढतो. टाकीत फ्लोट स्विच आहे: पाणी वर आलं की पंप सुरू, तळाला गेलं की बंद. जुना बॉल तसाच ठेवला आहे. पंप कधी रुसला तर मोटर वाचवायला तोच.

आणि पंप रुसलाच. औरंगाबाद रोडच्या एका मंगल कार्यालयात लग्नसराईत रात्री काम होतं. वीस मिनिटांत पंप नुसता गुरगुरू लागला. खोलून पाहिलं तर व्हॉल्व्हच्या रबराखाली एक अक्षता. कुंकवानं रंगवलेला तांदळाचा एक दाणा, गरम पाण्यात फुगून मऊ झालेला, आणि त्यानं झडप जेमतेम अर्धा मिलिमीटर उघडी धरलेली. अक्षता कोरडी असताना सडपातळ असते, आमच्या तीन मिलिमीटरच्या भोकातून सहज गेली होती. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या टोपलीची भोकं दोन मिलिमीटर केली आणि पंपाच्या तोंडाला आणखी बारीक जाळी दिली. याचा दुसराही फायदा झाला. आधी एका ग्राहकाचा नहाणी ट्रॅप आमच्या लोकरीच्या तंतूंनी तुंबला होता आणि प्लंबरचे पैसे आम्ही भरले होते. तो त्रास संपला.

या डब्याकडे बघून इतर साफसफाईवाले विचारू लागले. पहिले चार डबे अंबडच्या एका फॅब्रिकेटर काकांनी करून दिले. त्यांनी वेल्डिंग एवढं निगुतीनं केलं की पाणी भरून ठेवलं तरी शिवण ओली होत नाही. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, घरोघरची कामं थांबली, तेव्हा आम्ही घरातच बसून रचना पक्की केली. मिस्टरांनी नोकरी सोडली ती त्यानंतर. आज अंबडला छोटा गाळा आहे, पाच माणसं आहेत, धुण्याचं काम आणि फिल्टर-पंपाचे सेट दोन्ही चालतं. विकत घेणाऱ्याला मी फोनवर आधी एकच विचारते: तुमचं मळकं पाणी जातं कुठं?

सध्या बाकावर दोन इंची पाइपचा डबा आहे. मोठ्या हॉलसाठी हॉटेलवाल्यांनी मागितला आहे, 2027 च्या सिंहस्थाआधी त्यांना हवा आहे. त्याचं गास्केट अजून बरोबर बसत नाही, तिसऱ्यांदा कापतो आहोत.

काम संपलं की आमची मुलं टोपली जुन्या वर्तमानपत्रावर उपडी करतात आणि हातानं चाचपतात. केस, अक्षता, टिकल्या, स्टेपलरच्या पिना. परवा कानातल्याची एक फिरकी निघाली, सोन्याची. धुऊन, छोट्या पिशवीत घालून घरच्या काकूंच्या हातात दिली, मगच मशीन गाडीत चढवलं.