‘आमचं मेलंच कधी होतं?’

गेल्या दीड वर्षात धाराशिव-लातूर पट्ट्यातल्या गोंधळ्यांच्या घरी बसून केलेल्या एकवीस मुलाखती माझ्या हार्ड डिस्कवर आहेत आणि त्यातली पहिली मला आजही ऐकवत नाही. आवाज छान आलाय, पंख्याची घरघर सोडली तर. प्रॉब्लेम माझा आहे. पहिल्याच मिनिटाला मी पंच्याहत्तरीच्या एका नाईकांना, म्हणजे गोंधळात मुख्य गाणाऱ्याला, विचारते की लोककलेच्या पुनरुज्जीवनात आपल्या घराण्याचं योगदान काय होतं. अक्षरशः ह्याच शब्दांत. मग रेकॉर्डिंगमधे चार-पाच सेकंद नुसता पंखा ऐकू येतो, आणि मग ते मुलाला विचारतात, ‘काय म्हणायलीय ही?’ मुलगा बिचारा सांगतो, ‘बंद पडलेलं परत कसं चालू झालं आसं इचारायल्यात.’ त्यावर बाबा म्हणाले, ‘बंद? आमचं मेलंच कधी होतं?’

इथंच खरं तर माझा प्रोजेक्ट संपायला हवा होता.

मला जे शोधायचं होतं ते थोडक्यात सांगते. १९७०-८० च्या आसपास मुंबईत लोककला रंगमंचावर आणायची एक मोठी लाट आली. इंडियन नॅशनल थिएटरमधे अशोकजी परांजपे वगैरे मंडळी गावोगावच्या विधिनाट्यांवरून प्रयोग उभे करत होती, विठ्ठल उमपांचं जांभूळ आख्यान गाजलं, शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’नं वासुदेव, गोंधळी, कोळी, भारूड सगळं एका तिकिटात दाखवलं. ज्यांच्या घरात आयुष्यात कधी गोंधळ घातला गेला नाही त्यांनाही गोंधळ म्हणजे काय ते कळलं ते तिथून (मी त्यातलीच, आमच्या घरी सत्यनारायणाच्या पुढं मजल नाही). ह्या लाटेबद्दल स्टेजच्या बाजूनं भरपूर बोललं गेलंय, मला ती गोंधळ्यांच्या अंगणातून कशी दिसली ते ऐकायचं होतं. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे ह्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांची पुस्तकं वाचून गेले होते, त्यामुळे विधी काय, गोंधळ्यांतले कदमराई आणि रेणुराई म्हणजे कोण, त्यातले तुळजाभवानीचे कुठले आणि माहूरच्या रेणुकेचे कुठले, एवढी अक्कल होती. प्रश्न विचारायची अक्कल नव्हती.

ज्यांनी फक्त स्टेजवर पाहिलाय त्यांच्यासाठी, घरचा गोंधळ रात्रभराचा असतो. लग्न झालं, मूल झालं, नवस फेडायचा असला की घालतात. तांदळाचा चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची, आणि मग संबळ, तुणतुणं, झांजा आणि नाईकाचा आवाज. आधी देवादिकांना नावं घेऊन गोंधळाला बोलावतात, मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत कथा चालते, आणि ती गंभीर होत चालली की साथीदार मधेच काहीतरी तिरकं विचारून सगळ्यांना हसवतो, आणि पहाटे आरती. एकेका घराण्याकडं ठरलेली गावं असतात, त्या गावात गोंधळ त्यांनीच घालायचा. म्हणजे ही गिऱ्हाइकं नव्हेत, पिढ्यानपिढ्यांचे यजमान.

तर दुसऱ्या खेपेला मी शहाणी होऊन गेले. पुनरुज्जीवन हा शब्द वहीत काट मारून टाकला आणि नुसतं विचारलं, बाबा, तुमी पहिल्यांदा मुंबईला कधी गेलात? ताबडतोब उत्तर आलं. भात्तरच्या दुष्काळात. म्हणजे १९७२. पाऊस नाही, गावं ओस, लग्नं लांबणीवर, मग गोंधळ कोण घालणार, सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला, खायला सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी, संबळ खुंटीला, आणि अशात मुंबईहून माणूस आला आणि म्हणाला चला. इतकं चित्रासारखं सांगितलं की मी त्याच रात्री लॉजवर बसून टाइमलाइनमधे १९७२ टाकून मोकळी झाले. जबरदस्त सुरुवात मिळाली म्हणून खूश.

तिसऱ्या भेटीत भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र नीट वाचलं. मुंबईतल्या एका संस्थेचं, पहिल्या कार्यक्रमाचं, साल १९७९.

मी काहीच बोलले नाही, पण माझं तोंड पडलेलं आजींना चुलीपासून दिसलं असणार, कारण त्या तिथूनच म्हणाल्या, ‘न्हाई वो, दुस्काळात कुटली मुंबई? दुस्काळात तुमी खडी फोडायलता. मुंबईला गेलाव तवा धाकटी मांडीवर व्हती.’ बाबा म्हणाले तुला काय कळतंय. आजी म्हणाल्या, ‘मला न्हाई तर कुणाला, फेट्याला कापड कमी पडलं म्हनून माझ्या लुगड्याचा काठ फाडून लावला तुमी.’ ह्यावर बाबा गप्प. रेकॉर्डिंगमधे इथं कपबशीचा आवाज आहे, मग बाबांचं हळूच हसणं.

धाकटीचा शाळेचा दाखला निघाला, त्यावर जन्मतारीख १ जून १९७८. अर्थात १ जून, गुरुजींच्या कृपेनं निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असतो, त्यामुळे तारखेला अर्थ नाही पण साल मोघम धरता येतं. म्हणजे आजी बरोबर, प्रशस्तिपत्र बरोबर, बाबा सात वर्षांनी चुकले.

खरं सांगते, मला आधी राग आला. इतक्या लांब यायचं आणि माणसानं दशकंच इकडची तिकडं करायची. मग एका मैत्रिणीनं आलेस्सांद्रो पोर्तेली हा मौखिक इतिहासाचा इटालियन अभ्यासक वाचायला लावला. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे, तिथं १७ मार्च १९४९ ला नाटोविरुद्धच्या मोर्चात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. पोर्तेली तीसेक वर्षांनी कामगारांशी बोलायला गेला तर त्यातले बरेच जण ठामपणे सांगत होते की तो १९५३ मधे मेला, कारखान्यातून हजारो लोकांना काढलं त्या वेळच्या दंगलीत. सगळ्यांनी मिळून एकच चूक केली होती. पोर्तेलीनं ती चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, लोकांच्या मनात तो मृत्यू त्या कामगार-कपातीशी का जोडला गेला ते शोधत बसला.

हे वाचून मी बाबांची फाइल परत ऐकली. सुरुवात खडीपासून. संबळाच्या काठीला सरावलेला हात हातोडीनं कसा सोलवटला, संध्याकाळी बोटं मिटत नव्हती, हे ते जवळजवळ आठ मिनिटं सांगतात. पुढं पाऊस आला, लग्नं परत लागायला लागली, पण यजमान म्हणायला लागले की रात्रभर नको, बारापर्यंत उरका. काही घरांनी तर नुसता नारळ आणि बिदागी देऊन भागवलं. हे सगळं त्यांनी सांगितलं होतं, मीच मुंबईच्या घाईत ऐकलं नव्हतं. ह्या सात वर्षांत सांगण्यासारखं त्यांच्या दृष्टीनं काही घडलंच नाही, म्हणून ती गळून पडली आणि खडी फोडणं आणि मुंबई एकमेकांना चिकटले. जुना यजमान दुष्काळात सुटला, नवा मुंबईत मिळाला. मधल्या काळाला यजमान नाही म्हणून सालही नाही. आम्ही ज्याला रिव्हायव्हल म्हणतो त्याला बाबांच्या हिशोबात यजमान बदलणं म्हणतात, एवढंच.

ह्या भागात सालं विचारूच नयेत हे मी नंतर शिकले. भूकंपाच्या आधी का नंतर, असं विचारायचं. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला, ती रात्र इथं प्रत्येकाला तासागणिक आठवते. त्याला टेकवून विचारलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आता मुंबईत काय झालं ते. त्यांना सात मिनिटं दिली होती. रात्रभराचं सात मिनिटांत, आणि तालमीला एक माणूस हातात घड्याळ घेऊन उभा. कथा तर गेलीच. दिवटी नेली होती, पण हॉलमधे आग चालत नाही म्हणून तिच्यात बल्ब बसवला, वायर धोतरातून काढली, बाबा अजून त्याची नक्कल करून दाखवतात. आरती झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आरतीला टाळ्या? काय करावं कळेना म्हणून पाचही जण तसेच हात जोडून उभे राहिले तर टाळ्या अजून वाढल्या.

पण त्यांना खरं लागलं ते वेगळंच. घरच्या गोंधळात बोलावणं करताना तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर तर असतंच, पण यजमानाच्या गावचा मारुती, शिवेवरची देवी, झाडाखालचा म्हसोबा, कुणाला वगळायचं नाही. स्टेजवर पाच देव ठेवा असं सांगितलं गेलं. बाबांनी पाच ठेवले, टाळ्या घेतल्या, सत्कार घेतला. आणि रात्री दादरच्या एका धर्मशाळेच्या खोलीत, दार लावून, शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून संबळ न वाजवता, पाच जणांनी जमिनीवर गोल बसून उरलेल्या सगळ्या देवांची नावं घेतली. ‘बोलवायचं ऱ्हायलं तर रुसत्यात.’ मी विचारलं, दर कार्यक्रमानंतर? तर म्हणाले, ‘आता बी.’

आता बी म्हणजे काय, मागच्या वर्षीच्या सरकारी महोत्सवानंतर टेम्पोत बसून घेतली. मुलगा म्हणाला हो, मीच गाडी चालवत होतो.

हे कळल्यावर मी बाकीच्या घरांतही हाच प्रश्न विचारला. तीन घरांत असंच काहीतरी करतात, एकानं सांगितलं की आम्ही स्टेजवर जायच्या आधीच माफी मागतो, आणि एका तरुण पोरानं मला वेड्यात काढलं. म्हणजे पद्धत वगैरे म्हणण्याइतकं हे सरसकट नाही.

तरुण पोरांचा विषय निघालाच आहे तर, सध्या युवक महोत्सवांच्या लोकवाद्यवृंदात संबळाला प्रचंड भाव आहे आणि वाजवणारी पोरं सगळ्या जातींची असतात. मला वाटलं ह्यावर म्हातारे चिडतील, मी तर तसा प्रश्नच तयार ठेवला होता. कुणी चिडलं नाही. वाजवू द्या की, म्हणाले. तक्रार संबळावर चढवतात त्या फायबरच्या पानाबद्दल होती, की चामड्याचं पान दिवटीवर शेकून चढवावं लागतं, तेवढ्या वेळात वाजवणारा आणि घरचे बोलतात, ओळख होते, फायबरला शेकायलाच लागत नाही, आला की सुरू. आणि कवड्यांच्या माळा प्लास्टिकच्या घालतात ते बघवत नाही म्हणे. मला हे जाम आवडलं, कारण मी जातीचं उत्तर शोधत होते आणि ते सामानाचं सांगत होते.

ट्रान्सक्रिप्शनबद्दल थोडंसं रडून घेते. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला सहा-सात तास लागतात, आणि पहिल्या चार मुलाखती मी शहाण्यासारख्या ‘शुद्ध’ करत टाइप केल्या. फोडायलता चं फोडत होता, गेलाव चं गेलात. परत वाचल्या तर सगळे गोंधळी आणि त्यांच्या बायका एकाच बालभारतीच्या पुस्तकातून बोलल्यासारखे. चारही फेकून परत केल्या. संमतीपत्राची पण तीच गत, मी विद्यापीठी नमुना वाचून दाखवला तर बाबांनी विचारलं ह्यानं घरावर बोजा तर चढत न्हाई ना. आता मी कागद बाजूला ठेवून तोंडी सांगते आणि त्यांचं हो रेकॉर्ड करते, आणि शेवटी प्रत्येक घरी पेन ड्राइव्ह देऊन येते. आजींनी तो देव्हाऱ्यात ठेवलाय.

शेवटच्या भेटीत मी करपल्लवीबद्दल विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक गोंधळी लोकांमधे फिरतो, कुणीतरी त्याच्या कानात एक नाव सांगतं, तो तोंड न उघडता बोटांच्या खुणांनी लांब उभ्या जोडीदाराला ते कळवतो आणि जोडीदार मोठ्यानं ते नाव घेतो. डोळ्यांनी केलं की नेत्रपल्लवी. बाबा म्हणाले दाखवतो, पण मशीन बंद करा. माझ्या फाइलमधे तिथं नोंद आहे, ४२ मिनिटं १० सेकंद, सांगितल्यावरून बंद.

बाबा अंगणाच्या त्या टोकाला लिंबाखाली जाऊन उभे राहिले. त्यांचा पुतण्या माझ्याजवळ आला, मी त्याच्या कानात माझ्या आईचं माहेरचं नाव सांगितलं, जे लग्नात बदललं आणि माझी आजी गेल्यापासून आमच्या घरात कुणी घेत नाही. पुतण्यानं खांद्यावरचा गमछा नीट केला, कान खाजवला, बोटं कधी हलली मला दिसलं पण नाही. बाबांनी अंगणाच्या त्या बाजूनं ते नाव खणखणीत घेतलं, पुढं ‘बाई’ लावून.

मग येऊन बसले आणि म्हणाले करा चालू. त्यानंतरची सोळा मिनिटं संबळाचं चामडं आजकाल कुठं मिळतं आणि कसं महाग झालंय ह्यावर आहेत.