उघड्यावरचे मत

3 जानेवारी 2008 च्या संध्याकाळी मी अमेरिकेतील आयोवा राज्यात, न्यूटन नावाच्या गावी, एका शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये उभा होतो आणि माझ्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हते. बाहेर गोठवणारी थंडी होती, आत हीटरची ऊब. दिवसभर गाडीच्या डिकीत गारठलेला कॅमेरा आत आणताच लेन्सवर बाष्प धरले, आणि रुमालाने पुसावे तसतसे ते नव्याने धरू लागले. कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत आणायचा आणि पिशवीतच कोमट होऊ द्यायचा, हे मला तिथल्याच एका छायाचित्रकाराने सांगितले, पण तोवर उशीर झाला होता. पहिली दहा-बारा मिनिटे मी नुसता पाहत राहिलो.

मला वर्तमानपत्राने मुद्दाम पाठवले होते असा कुणाचा गैरसमज नसावा. माझी मामेबहीण आयोवाच्या राजधानीत, डि मॉइनला, राहते. विमा कंपन्यांच्या त्या शहरात संगणकाच्या कामानिमित्त गेलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. तिच्याकडे जाण्यासाठी मी रजा मागितली, तेव्हा संपादक म्हणाले, "जातोच आहेस तर ते ओबामा-हिलरींचे काय चालले आहे तेही बघून ये." अध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली लढत त्या वर्षीही आयोवातच होणार होती. भावोजींनी दुपारी मला पन्नासेक किलोमीटरवरच्या न्यूटनला सोडले आणि रात्री न्यायला येतो म्हणाले.

न्यूटनची वस्ती सुमारे पंधरा हजार. मधोमध न्यायालयाची दगडी इमारत, तिच्या चारही बाजूंना दुकाने. हे गाव धुलाई यंत्रांचे. मेटॅग कंपनी 1893 साली इथेच सुरू झाली आणि जवळजवळ शतकभर गावाचे घड्याळ तिच्या पाळ्यांवर चालले. 2006 मध्ये व्हर्लपूलने ती विकत घेतली आणि 2007 च्या ऑक्टोबरात इथला कारखाना बंद झाला, म्हणजे मी पोहोचलो तेव्हा त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. आपल्याकडे गिरणी बंद पडली की फाटकापाशी माणसे बसलेली दिसतात आणि छायाचित्रकाराला कुठे उभे राहायचे ते कळते. इथे रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सारी माणसे मोटारीत, आणि प्रत्येक मोटारीतून मला हात केला जाई. रिकाम्या फुटपाथचा फोटो काढणे किती अवघड असते, हे मला त्या दुपारी समजले. कॉफी प्यायला एका हॉटेलात शिरलो, तर वाढणाऱ्या बाईंनी मी बसायच्या आतच विचारले, "इंडियाचे फोटोग्राफर तुम्हीच ना?" मला गावात येऊन तासही झाला नव्हता.

लेन्स निवळेपर्यंत हॉलमध्ये दोनशेच्या वर माणसे जमली होती. आमच्या डोक्यात निवडणूक म्हणजे रांग, पडदा आणि शाई. डेमोक्रॅटिक पक्षाच्या या सभेत, म्हणजे कॉकसमध्ये, तेव्हा यांतले काही नव्हते. सात वाजता काम सुरू व्हायचे आणि मग ज्याने त्याने आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. ओबामा बास्केटखाली, माजी सिनेटर जॉन एडवर्ड्स दाराजवळ, हिलरी क्लिंटन बाकांपाशी. नंतर डोकी मोजायची. ज्या गटात पंधरा टक्केही माणसे नसत तो बाद, आणि त्यातल्या लोकांनी अर्ध्या तासात दुसऱ्या गटात जायचे किंवा घरी जायचे. मला आमच्या ग्रामसभेची आठवण झाली. तिथेही हात वर करावा लागतो, आणि हात वर करण्याआधी माणूस डावी-उजवीकडे कोण बसले आहे ते बघून घेतो.

जो बायडन यांच्या गटात जेमतेम डझनभर माणसे होती. त्यांत सत्तरीच्या एक आजी होत्या, जांभळा स्वेटर घातलेल्या. त्यांचे यजमान समोर एडवर्ड्सच्या गर्दीत उभे होते. गट बाद झाल्याचे जाहीर होताच तिन्ही कोपऱ्यांतून शेजारी-पाजारी आजींभोवती गोळा झाले. एकीने बिस्किटांची बशी पुढे केली, दुसऱ्या कुणी आरोग्यविम्याचा मुद्दा मांडला, एक मुलगा तर "तुम्ही मला दुसरीत शिकवलंय" म्हणून हक्क सांगू लागला. यजमान मात्र जागचे हलले नाहीत, बोललेही नाहीत. ते बुटांच्या टोकांकडे बघत होते. आजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले, एक बिस्किट उचलले आणि ओबामांच्या बास्केटखाली जाऊन उभ्या राहिल्या. मग हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, यजमानांना, एवढासा हात केला. तो फोटो मला मिळाला. हॉलच्या दिव्यांनी सगळ्यांचे चेहरे हिरवट केले होते आणि चित्रात खरखर पुष्कळ होती, तरी मिळाला.

दुसरा मिळाला नाही, किंवा मिळून राहिला नाही. चाळिशीचा एक गृहस्थ क्लिंटन गटाच्या कडेला, जवळजवळ भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या निळ्या जाकिटाच्या छातीवरून कसला तरी बिल्ला उसवून काढलेला होता आणि टाक्यांच्या भोकांचा चौकोन तेवढा उरला होता. मी जवळ जाऊन तो चौकोन आणि चेहरा एका चौकटीत घेतला. तो रागावला नाही. शांतपणे माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "हा नको." सतरा वर्षे कारखान्यात काढून त्याला सोमवारपासून नवी नोकरी लागणार होती, आणि ज्याच्याकडे लागणार होती तो मालक समोरच्या कोपऱ्यात उभा होता. मी म्हटले, "पण तो तर तुम्हाला बघतोच आहे." त्यावर तो म्हणाला, "बघणं वेगळं. उद्या पेपरात आलं की त्याला काहीतरी बोलावं लागेल." मी त्याच्यादेखत फोटो पुसला. तो आभार मानून परत भिंतीपाशी गेला. कोपरा मात्र त्याने सोडला नाही. उरलेला वेळ मी कुणाचाही फोटो न विचारता काढला नाही, आणि विचारल्यावर कुणी नाही म्हटले नाही.

त्या रात्री राज्यभर सुमारे 2 लाख 39 हजार माणसे डेमोक्रॅटिक सभांना आली, 2004 च्या जवळपास दुप्पट. ओबामा जिंकले, बायडन यांनी माघार घेतली. पुण्यात तेव्हा 4 तारखेची सकाळ होती. बहिणीच्या घरून मी अकरा फोटो पाठवले आणि झोपायला जाणार तोच डेस्कवरून फोन आला. "मतदान चालू असतानाचे आतले फोटो आहेत हे. छापले तर चालेल ना? तिथल्या आयोगाची परवानगी वगैरे?" मी समजावले की आयोगाचा इथे संबंध नाही, ही पक्षाची सभा आहे, मत दिले जाते तेच सर्वांसमोर. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "शाई लावलेल्या बोटाचा एखादा नाही का?"

5 तारखेच्या अंकात सातव्या पानावर आजींचा फोटो छापून आला, दोन कॉलम. खाली ओळ होती : मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या एक ज्येष्ठ महिला.