इरविनचं पाणी दाखवणारा माझा पहिला सर्व्हर

पावसाळा लागला की सांगलीत घरोघरी एकच प्रश्न, "इरविनला किती झालं?" म्हणजे कृष्णा नदीवरच्या इरविन पुलापाशी पाणी किती फुटांवर पोचलं. आम्ही गावभागात राहतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला होता, त्यामुळे आईला तो आकडा दिवसातून चार-पाचदा हवा असतो. नोड.जेएस (थोडक्यात नोड) शिकायला घेतलं तेव्हा पहिला प्रोग्रॅम हाच करायचा ठरवला. पातळी मी एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची आणि घरातल्या कुठल्याही मोबाइलवर ती दिसायची.

ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट थोडीफार येत होती. तीच भाषा क्रोमच्या व्ही-एट इंजिनावर, पण ब्राउझरबाहेर चालवायची सोय रायन डाल यांनी २००९ मध्ये केली, तेच हे नोड. फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, घेतलं नाही, नोडसोबत येणारं, ब्राउझरशी बोलणारं एचटीटीपी मॉड्यूल पुरलं. त्यातल्या क्रिएटसर्व्हरला, पान मागितल्यावर काय पाठवायचं ते ठरवणारं एक फंक्शन दिलं, लिसनला पोर्ट, म्हणजे कुठल्या क्रमांकाच्या दारावर ऐकायचं ते, ३००० सांगितला. रन केलं आणि पुढची आज्ञा मागणारा प्रॉम्प्ट परत आलाच नाही. कोणी विचारायला येईल म्हणून प्रोग्रॅम तसाच जागा बसून राहिला. हे वाचलेलं होतं, पण समोर पाहताना फार आनंद झाला.

पहिली अडचण मराठीची. उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनांत, म्हणजे हेडरमध्ये, यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत सांगितल्यावर अक्षरं सरळ झाली, पण 'इरविन पूल' पाठवलं तर पडद्यावर नुसतं 'इरव' आलं. कंटेंट-लेंग्थ, म्हणजे मजकूर किती लांब ते सांगणारा हेडर, मी हातानं भरली होती, तीही स्ट्रिंगची (मजकुराची) लेंग्थ, म्हणजे चिन्हांची संख्या, घेऊन. ती येते ९. हेडरला मात्र बाइट हवे असतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ती वेलांटी का असेना, ३ बाइट घेतं. आठ चिन्हांचे २४ आणि मधल्या स्पेसचा १, असे २५. ब्राउझरनं सांगितल्याप्रमाणे ९ बाइट घेतले, म्हणजे बरोबर तीन चिन्हं. बाइट मोजणारं बफर-बाइटलेंग्थ वापरलं आणि पूर्ण नाव आलं. तो हेडर हातानं दिलाच नाही तरी नोड स्वतः सांभाळून घेतं, हे नंतर कळलं.

दुसरी चूक जास्त गंभीर, म्हणून सविस्तर लिहितो. इरविनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. तपासणी मी अशी लिहिली होती: ४५ किंवा जास्त असेल तर 'धोका', नाहीतर ४० किंवा जास्त असेल तर 'इशारा', नाहीतर 'पातळी इशाऱ्याखाली'. चाचणीसाठी फाइलमध्ये मराठी कीबोर्डवरून ४२ टाकले. पानावर आलं, 'पातळी इशाऱ्याखाली'.

जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी अंक वाचता येत नाहीत, ते 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', असं उत्तर देतं. नॅनची कुठल्याही आकड्याशी तुलना केली तरी उत्तर 'नाही'. मग दोन्ही अटी ओलांडून प्रोग्रॅम थेट शेवटच्या ओळीवर, म्हणजे सुरक्षित असल्याच्या निरोपावर पोचतो. आमच्या गावात हा निरोप चुकून चालत नाही. प्रत्येक देवनागरी अंकाच्या कॅरेक्टर कोडमधून, म्हणजे त्या चिन्हाच्या ठरलेल्या क्रमांकातून, २४०६ वजा केले की साधा अंक मिळतो, तसं करून घेतलं. आणि सगळ्यात आधी एक अट घातली: आकडा वाचता आला नाही तर तसं मोठ्या अक्षरात सांगायचं, पातळीबद्दल काहीच बोलायचं नाही. 'नाहीतर' च्या फांदीत कधीही 'सगळं ठीक' ठेवू नये, असं माझं आता पक्कं मत झालंय.

लोकलहोस्ट हा पत्ता म्हणजे 'हेच यंत्र', मोबाइलवर तो मोबाइलच, म्हणून लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी पत्ता दिला आणि फायरवॉलमध्ये नोडला परवानगी दिली. फाइल प्रत्येक रिक्वेस्टला नव्यानं वाचतो, त्यामुळे आकडा बदलला की रीस्टार्ट लागत नाही.

आईनं पान उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आकडा कळला रे, पण चढतंय का उतरतंय?" खरा प्रश्न तोच. आता एकाच आकड्याऐवजी वेळेसकट नोंदी ठेवतोय, शेवटच्या दोन नोंदींतला फरक काढून तो इंचात दाखवायचाय.