बाईंनी विचारलेला प्रश्न

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा कवायत, स्नेहसंमेलन, शिपाईमामा असे पुष्कळ काही मनात होते. प्रत्यक्षात शास्त्राच्या बाईंखेरीज दुसरे काही कागदावर उतरेना. मी मुंबईत रक्त गोठण्याच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. या विषयाची गोडी मला वैद्यकीय महाविद्यालयात लागली असे सहकारी समजतात. ती लागली आपल्या शाळेत, नववीत.

रक्ताभिसरणाच्या धड्याला बाईंनी एक काचपट्टी तशीच ठेवली, दुसरीवर मेणबत्तीचे मेण वितळवून पातळ थर दिला आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचून दोन्हींवर एकेक थेंब घेतला. दर अर्ध्या मिनिटाने टाचणी थेंबातून अलगद ओढायची आणि टोकाला धागा येतो का ते पाहायचे, एवढे काम आमच्याकडे होते. नुसत्या काचेवर धागा आधी आला. बाई म्हणाल्या, "काचेला लागून रक्त लवकर गोठलं. मग शिरेत तर काच नसते, तिथे गुठळी कशी होते?" कोणालाही उत्तर आले नाही आणि बाईंनीही सांगितले नाही. बोटातून काढलेल्या रक्तात ऊतींतला, स्वतःच रक्त गोठवू लागणारा घटक मिसळतो, त्यामुळे तो प्रयोग काटेकोर नव्हता हे आज मला ठाऊक आहे. प्रश्न मात्र नेमका होता.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथील डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांच्यापुढे हाच प्रश्न एका रुग्णाच्या रूपाने आला होता, हे पदव्युत्तर शिक्षण घेताना कळले. जॉन हेगमन या रेल्वे कर्मचाऱ्याची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी झाली तेव्हा त्यांचे रक्त काचेच्या नळीत फारच उशिरा गोठले, पण त्यांना रक्तस्रावाचा त्रास कधीच झालेला नव्हता. त्यांच्या रक्तात गोठण्याला मदत करणाऱ्या एका घटकाचा (प्रथिनाचा) अभाव असल्याचे रॅटनॉफ आणि जोन कोलोपी यांनी १९५५ मध्ये मांडले. आज आपण त्याला बारावा घटक म्हणतो, आणि काचेच्या स्पर्शाने जागा होतो तो हाच. पुढे १९६४ मध्ये रॅटनॉफ व अर्ल डेव्ही यांनी, आणि इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी स्वतंत्रपणे, एक घटक पुढच्या घटकाला कार्यान्वित करत जातो अशी साखळी दाखवली. हेगमन १९६८ मध्ये वारले ते अपघातात कमरेचे हाड मोडल्यानंतर फुप्फुसात गुठळी अडकून. ज्यांचे रक्त काचेत लवकर गोठत नव्हते त्यांचा जीव गुठळीनेच घेतला! बाराव्या घटकावाचूनही शिरेत गुठळी होऊ शकते, हे त्यातून उघड झाले.

ही हकीकत मी निवृत्त झालेल्या बाईंना पत्राने कळवली. त्यांचे पोस्टकार्ड आले: "समजले. पण मग हा बारावा घटक शरीराने ठेवला कशाला?" देवमासे आणि पक्षी यांचे त्याच्यावाचून सुरळीत चालते, एवढेच मी उलट कळवू शकलो. पुढे २००५ मध्ये बारावा घटक नसलेल्या उंदरांत घातक गुठळ्या कमी होतात आणि रक्तस्रावही वाढत नाही असे दिसले, आणि अकराव्या व बाराव्या घटकांना रोखणाऱ्या औषधांकडे संशोधकांचे लक्ष वळले. हे वाचायला बाई राहिल्या नाहीत.

आमच्याकडे रक्तद्रव गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या एपीटीटी चाचणीत त्यात केओलिन (एक पांढरी माती) किंवा सिलिका (वाळूतला पदार्थ) घालतात, म्हणजे काचेचेच काम दुसऱ्याकडून करून घेतात. अधूनमधून एखाद्या रुग्णाची वेळ भलतीच लांबते आणि हर्नियाची साधी शस्त्रक्रियाही पुढे ढकलली जाते. त्याचा रक्तद्रव निरोगी रक्तद्रवात निम्मा-निम्मा मिसळल्यावर वेळ सुधारली, आठवा, नववा, अकरावा हे घटक पुरेसे निघाले आणि फक्त बारावा कमी असला, तर त्यामुळे रक्तस्राव होणार नाही असे मी शल्यविशारदांना कळवतो.

अलीकडे शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होते आणि धडे पडद्यावर दाखवले जात होते. पडद्यावर रक्त फार सुबकपणे गोठते, आणि त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. मुलांची बोटे टोचू नयेत, हे रास्तच आहे. बकऱ्याच्या रक्तात काढतानाच गोठणे थांबवणारे सायट्रेट घालून आणले आणि वर्गात ते पुन्हा सुरू करणारे कॅल्शियम क्लोराइड टाकले, की काचेच्या आणि प्लास्टिकच्या नळीतला फरक बाईंच्या प्रयोगापेक्षा चांगला दिसतो. मुख्याध्यापकांनी कुलूप उघडून द्यावे. साहित्य घेऊन मी येईन.