कोण लॉगिन आहे एवढंच बघा, स्क्रीन बघू नका

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत छोट्या कंपन्यांची आयटीची कामं करताना एक मागणी हमखास येते. शेठ केबिनमध्ये बोलावतात, चहा सांगतात आणि म्हणतात, "पोरं दिवसभर कॉम्प्युटरवर काय करतात ते मला दिसलं पाहिजे, दर पाच मिनिटांनी स्क्रीनचा फोटो निघेल असं काहीतरी बसवा." मी आधी एवढंच विचारतो की शेठ, नेमकं अडलंय कुठे? कारण बहुतेक वेळा अडलेलं असतं मशीनपाशी, माणसापाशी नाही.

अंबडच्या एका टूलरूमचं, म्हणजे साचे-डाय बनवणाऱ्या कारखान्याचं सांगतो. डिझाइनची सगळी पोरं रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या पीसीवरून जोडून, एकाच विंडोज सर्व्हरवर काम करणारी, आणि सकाळी कुणाला ना कुणाला कॅडचं, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स मिळायचं नाही, ड्रॉइंग लेट, मग शेठना वाटायचं टाइमपास चाललाय. तिथे टास्क शेड्युलरमधून (विंडोजमधलं ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) दर पंधरा मिनिटांनी चालणारी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट लावली, ती कोण लॉगिन आहे ते सांगणारी 'क्यूयूझर' (quser) कमांड चालवते आणि जे येईल ते तारीख-वेळेसकट सीएसव्ही फाइलमध्ये खाली जोडत जाते. बस, एवढंच. या कमांडच्या एका ओळीत युजरचं नाव, सेशन (त्याचं उघडं असलेलं काम), आयडी, स्टेट, आयडल टाइम (किती वेळ हात लावलेला नाही) आणि लॉगिनची वेळ मिळते. स्टेटखाली 'डिस्क' (Disc, म्हणजे डिस्कनेक्टेड) आणि आयडल टाइमखाली '१+०२:१५' असं दिसलं की समजायचं, एक दिवस दोन तास पंधरा मिनिटं कुणी हात लावलेला नाही, पण सेशन आत जिवंत आहे, कॅड उघडं आहे आणि लायसन्स तिथेच अडकलंय. पोरं संध्याकाळी साइन आउट न करता खिडकीवर नुसती फुली मारून घरी जायची! सगळ्यांना आधी सांगितलं की ड्रॉइंग सेव्ह करून निघा, आणि मग ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंगमधून, डिस्कनेक्ट झालेलं सेशन ठरावीक वेळाने बंद होईल अशी लिमिट टाकली. लायसन्सची ओरड थांबली, आणि कुणाच्या स्क्रीनचा एकही फोटो काढावा लागला नाही.

साध्या डेस्कटॉपवर मात्र या आयडल टाइमवर विसंबू नका, समोर बसून वापरलेल्या मशीनवर तो बरेचदा 'नन' (none, म्हणजे काहीच नाही) असाच येतो. तिथे विंडोजचा सिक्युरिटी लॉग वाचायचा, त्यात प्रत्येक प्रकारच्या घटनेला नंबर असतो. ४६२४ म्हणजे लॉगिन, ४६३४ किंवा ४६४७ म्हणजे लॉगऑफ, ४८०० स्क्रीन लॉक, ४८०१ अनलॉक, पण शेवटचे दोन हवे असतील तर ऑडिट पॉलिसी, म्हणजे काय काय नोंदवायचं याचं सेटिंग, वेगळी चालू करावी लागते. आणि ४६२४ सरसकट मोजलंत तर आकडे बघून डोकं गरगरेल, कारण शेअर फोल्डर उघडला तरी टाइप ३ची, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या लॉगिनची, नोंद पडते, म्हणून फक्त टाइप २ (समोर बसून), १० (रिमोटने) आणि ११ (मशीनमध्ये साठवलेल्या पासवर्डवर) घ्या. लाइट गेली की लॉगऑफची नोंदच पडत नाही, मग तो माणूस रात्रभर बसला होता असं रिपोर्टमध्ये दिसतं, त्यासाठी सिस्टम लॉगमधला ६००८, म्हणजे मशीन अचानक बंद पडल्याची नोंद, ताडून बघायचीच. हे न बघता कुणाला जाब विचारणं म्हणजे सरळ अन्याय आहे. शॉप फ्लोअरवरच्या जुन्या पीसीचा घड्याळ चालवणारा सीमॉस सेल गेलेला असतो, घड्याळ भलतीच वेळ दाखवतं, तेव्हा टाइम सिंक आधी नीट करा.

सिक्युरिटी लॉगची डिफॉल्ट साइज साधारण २० एमबी असते आणि भरला की जुनं पुसून नवीन लिहिलं जातं, बिझी सर्व्हरवर तर हे फार लवकर होतं, त्यामुळे स्क्रिप्ट आठवड्यातून एकदा लावून काही उपयोग नाही. आणि हे टास्क डोमेन ॲडमिनच्या, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर पूर्ण हक्क असलेल्या अकाउंटच्या, पासवर्डवर कधीच चालवू नका, लॉग वाचायला 'इव्हेंट लॉग रीडर्स' ग्रुपमधला साधा अकाउंट पुरतो. लिनक्सच्या मशीनवर लॉगिनची यादी देणारी 'लास्ट' कमांड आणि ती ठरल्या वेळी चालवणारा क्रॉन, काम झालं, फक्त क्रॉनमध्ये कमांडचा पूर्ण पाथ द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. त्याच टूलरूममधल्या एका मुलीने मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "सर, तुम्ही आमचं सगळं वाचता का हो?" मी तिला तिथेच लॅपटॉपवर तिच्या नावाची ओळ दाखवली, नाव, वेळ, आयडल, संपलं. तिचा जीव भांड्यात पडला. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय. २०२३च्या डिजिटल डेटाच्या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला जागा ठेवलीय हे खरं, पण म्हणून कुणाचं बँकेचं पान, आईचा रिपोर्ट, दुसऱ्या नोकरीचा ईमेल फोटोत पकडून सर्व्हरवर ठेवायचा? मी ते बसवून देत नाही, काम गेलं तरी चालेल.

म्हणून स्क्रिप्ट सुरू करायच्या आधी नोटीस बोर्डावर मराठीत कागद लावायला सांगतो: काय नोंदवतो, कोण बघतो, किती दिवस ठेवतो. नव्वद दिवसांपुढच्या फाइली डिलीट करणारं दुसरं टास्क त्याच बैठकीत शेठसमोर लावून घेतो, आणि सीएसव्हीच्या फोल्डरला परवानगी फक्त दोघांनाच, शेठ आणि एचआर. सुपरवायझरने मागितली तरी नाही.